शेवटचं कोण?

निल्विया रोसाबाल क्युबातल्या बायामो गावाहून मॉंटेव्हिडिओला आली ती एप्रिलच्या पाच तारखेला. विमानात तेवीस किलो सामान चालत होते. त्यातले चार किलो प्रेशर कुकरचे होते. तिच्या मुलीने, याइमाराने, सुटकेस उघडली आणि विचारले की उरुग्वेत कुकर मिळत नाहीत असे तुला कोणी सांगितले. निल्विया म्हणाली की मिळत असतील, पण ह्याच्या शिटीचा स्वभाव मला ठाऊक आहे. नवा घेतला तर त्याचा स्वभाव कळेपर्यंत चार वेळा शेंगदाण्यासारखे कच्चे घेवडे खावे लागतील.

ती अठ्ठावन्न वर्षांची होती. एकतीस वर्षे एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली. ज्या गावात शाळेच्या आचाऱ्याच्या घरी मांस शिजल्याचा वास आला की शेजारी नुसते हसतात, त्या गावात तिने एकतीस वर्षांत शाळेतून मिठाचा खडाही घरी नेला नव्हता. हे ती स्वतः सांगत नसे. बायामोकडची माणसे सांगत, आणि आमच्या घरात बायामोकडची पाच माणसे होती.

आमचे घर मॉंटेव्हिडिओच्या आग्वादा भागात आहे. चौदा खोल्या, एक स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे. खोल्या महिन्याने भाड्याने मिळतात. राहणारे बहुतेक क्युबाचे, थोडे व्हेनेझुएलाचे. याइमाराची खोली सात नंबरची, माझी तिच्या शेजारची. मधल्या भिंती पातळ आहेत. कोणाचे काय चालले आहे ते कान न देताही समजते.

याइमाराने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. दोन वर्षांत कळलेल्या किमती त्यावर होत्या. खोली तेरा हजार पेसो. बसचे तिकीट जे काय असेल ते, पण तीस गल्ल्यांपर्यंत चालतच जायचे. टोमॅटो फक्त रविवारच्या बाजारात, दुपारी एकनंतर, गाडीवाले आवरायला लागले की. अंघोळ सात मिनिटे. कॉफी अर्धा चमचा. शेवटची ओळ काळ्या घेवड्याची होती. त्यापुढे किंमत नव्हती, नुसते ‘विसर’ असे लिहिले होते. हा घेवडा इकडे पिकत नाही. ब्राझीलहून येतो आणि त्याच्या किमतीत इथे मांसाचा चांगला तुकडा येतो.

निल्वियाने तो कागद मोठ्याने वाचला आणि प्रत्येक आकड्याचे आपल्या निवृत्तिवेतनाशी गणित मांडले. टोमॅटोचा किलो म्हणजे चार दिवस. पावाचा किलो म्हणजे आठवडा. ती खोलीच्या भाड्यापर्यंत पोचली तेव्हा याइमाराने दार लावून टाकले.

“तिकडच्या पैशात हिशेब करू नकोस, आई. जो करतो तो उपाशी मरतो.”

दुसऱ्या दिवशी दोघी औषधाच्या दुकानात गेल्या. निल्वियाच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. दारात पाऊल टाकताच निल्वियाने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “शेवटचं कोण?”

क्युबात हे श्वासाइतके सहज आहे. रांग दिसली की आधी हे विचारायचे, मग रांग कशाची ते. शेवटचा माणूस हात वर करतो. त्याच्या पुढे कोण आहे तेही विचारून ठेवायचे, म्हणजे तो निघून गेला तरी आपला दुवा तुटत नाही. एवढे झाले की तुम्ही सावलीत बसा, शेजारच्या दुकानात जा, पोराला शाळेतून आणा. रांग पायांवर उभी नसते, डोक्यात असते. आणि ती मोडायची कोणाची छाती होत नाही.

औषधाच्या दुकानात मात्र कोणीही हात वर केला नाही. सहा-सात डोकी वळली. एका बाईने पर्स जवळ ओढली. याइमाराने आईचा दंड धरून तिला दाराजवळच्या यंत्राकडे नेले आणि त्यातून आकड्याची चिठ्ठी काढून हातात दिली. इथे नंबर घ्यायचा आणि गप्प बसायचे, हे तिने हळू आवाजात सांगितले. घरी येईपर्यंत ती आईच्या दोन पावले पुढे चालत होती.

त्याच आठवड्यात घरमालक एचेवेरी आला. तो वाईट माणूस नाही, पण विसरणारा माणूसही नाही. एका खोलीत दुसरे माणूस म्हणजे चार हजार जादा. एप्रिल त्याने पाहुणी म्हणून सोडला. एक मेपासून द्यावे लागतील.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जे ऐकू आले त्यावरून सगळा प्रश्न आम्हाला समजला. याइमारा बायामोत अतिदक्षता विभागात अकरा वर्षे नर्स होती. इथे ती एका श्रीमंत म्हातारीला अंघोळ घालते, भरवते, फिरवते. नर्स म्हणून काम करायचे तर इथला अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग, डिसेंबरपर्यंत. निम्मा वर्ग झाला होता. आता तिला काम देणाऱ्या संस्थेने दुसरी पाळी देऊ केली होती, सहा ते बारा. पाळी घेतली तर वर्ग सुटत होता. उत्तर तीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत द्यायचे होते.

“अकरा हजार,” याइमारा म्हणाली. “तुझ्या वाटचे. खोलीचे चार, बाकी खाणं, बस, तुझ्या गोळ्या.”

“गोळ्या अर्ध्या करते.”

“आई.”

“बरं, नाही करत. पण त्यांना हो म्हणू नकोस.”

“वर्ग काय, पुढच्या वर्षीही करता येईल.”

“बायामोत तू अंगात गणवेश घालून रस्त्यानं जायचीस तेव्हा लोक मला उठून बसायला जागा द्यायचे. मला. तुझ्यामुळं. मी इथं तुझा गणवेश खायला आलेले नाही.” मग निल्विया म्हणाली, “तीस तारखेपर्यंत थांब. अकरा हजार ना? तीस तारखेला बोलू.”

पुढचे आठ दिवस ती सकाळी निघे आणि दुपारी पाय सुजवून परत येई. तिने खानावळी पाहिल्या, शाळा पाहिल्या, एक वृद्धाश्रमही पाहिला. खानावळीत ओळखपत्र मागत. तिला ओळखपत्र मिळायची तारीख जूनमधली होती. शाळेत लागायचे तर आधी सरकारी परीक्षा होती. वृद्धाश्रमातल्या बाईने वय विचारले आणि हसून म्हटले की तुम्हाला आत घ्यायचे ते कामाला की राहायला. निल्वियाने ही गोष्ट स्वयंपाकघरात आम्हाला सांगितली तेव्हा ती स्वतःच आधी हसली. मग भांडे इतके जोरात घासले की त्याची कड वाकली.

नवव्या दिवशी तिला रांग दिसली.

स्टेशनामागच्या गल्लीत म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा एक क्लब आहे. त्याच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत तीसेक माणसे उभी होती. नंबराचे यंत्र कुठे दिसत नव्हते. निल्वियाने आम्हाला नंतर सांगितले की यंत्र नाही म्हणजे इथे विचारायला हरकत नसणार, असे तिला वाटले. आणि रांग आहे म्हणजे काहीतरी आलेले आहे. संपायच्या आत आपला नंबर लावावा.

“शेवटचं कोण?”

पुन्हा डोकी वळली. पण या वेळी एका उंच, वाळलेल्या म्हाताऱ्याने काखेतला थर्मास सावरला आणि म्हटले, “मीच असेन बहुधा. माझ्या मागं कोणी दिसत नाही.”

“आणि तुमच्या पुढं?”

“ही लाल स्वेटरवाली. का हो बाई, जनगणना आहे का?”

निल्वियाने त्याला सांगितले की तुमच्यानंतर मी, लक्षात ठेवा. आणि ती समोरच्या दुकानात पावाची किंमत विचारायला निघून गेली. वीस मिनिटांनी परतली तेव्हा त्याच्या मागे आणखी दहा जण उभे होते. ती सरळ जाऊन त्याच्या मागे उभी राहिली. मागच्या बाईने आरडाओरडा केला. म्हाताऱ्याने, त्याचे नाव विल्मार, माटेचा, म्हणजे इकडच्या कडू चहाचा, एक घोट ओढला आणि शांतपणे सांगितले की ही बाई माझ्या मागे आहे, तिने सांगून ठेवले होते. हा कुठला कायदा, असे बाईने विचारले. विल्मार म्हणाला की मी रेल्वेत चाळीस वर्षे होतो. जागा राखून ठेवणे म्हणजे काय ते मला कळते.

रांग पुढे सरकली. टेबलाशी पोचल्यावर निल्वियाला दिसले की टेबलावर मोठे पातेले आहे आणि प्रत्येकाच्या हातात घरून आणलेला डबा आहे. पातेल्यामागे माबेल नावाची रुंद खांद्यांची बाई पळी घेऊन उभी होती. तिने डबा मागितला. निल्वियाने आधी किंमत विचारली.

“किंमत नाही. वस्तीचं पातेलं आहे. ज्याला लागतं तो घेतो.”

तिचे काय झाले असेल ते मी समजू शकतो. आम्ही सगळे कधी ना कधी अशा टेबलासमोर उभे राहिलो आहोत, आणि कित्येकांनी डबा पुढे केला आहे. त्यात कमीपणा नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण एकतीस वर्षे पळी तिच्या हातात होती. पळीच्या या बाजूला ती कधी उभी राहिली नव्हती. मागे दहा माणसे होती, त्यात नुकतीच भांडलेली बाईही होती.

ती पातेल्यावर वाकली आणि तिने वास घेतला.

“तुमची मसूर खाली लागलीय,” ती म्हणाली.

माबेलने पळी खाली ठेवली. “काय म्हणालात?”

“तळाला धरलीय. आणि ती लागलेली तुम्ही वर ढवळलीय. ढवळायची नाही. तशीच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची.”

“मला दोनच हात आहेत, मावशी, आणि सकाळी सहापासून चालू आहेत. गुरुवारी येऊन तुम्हीच ढवळा.”

“ढवळायची नाही म्हणतेय ना मी,” निल्विया म्हणाली. “किती वाजता?”

गुरुवारी ती सहाला पाच मिनिटे कमी असताना फाटकाशी उभी होती, कुकर काखेत घेऊन. शनिवारीही. काम संपल्यावर माबेल तिला डबा भरून देऊ लागली. पातेल्यावर काम करणारे सगळेच नेतात, तो रिवाज आहे. निल्वियाने घेतला नाही. माबेलला राग आला. आमचे अन्न तुला चालत नाही काय, असे ती म्हणाली. तेव्हा निल्वियाने तिला अकरा हजार, तीस तारीख आणि मुलीचा वर्ग हे सगळे सांगून टाकले. ती म्हणाली की मला अन्न नको. त्या कोपऱ्यातली बंद खिडकीची खोली काय आहे ते सांग.

ती खोली म्हणजे क्लबचे उपाहारगृह होते. चालवणारा गेल्या वर्षी आपल्या भावाकडे समुद्रकिनारी निघून गेला होता. परवाना भिंतीवर होता, चूल होती, गॅसची टाकी नव्हती. समितीत चार म्हातारे आणि माबेल. गरिबांच्या पातेल्याशेजारी धंदा नको असे दोघांचे मत पडले. निल्वियाने त्यांना सांगितले की पातेल्याच्या दिवशी मी पातेले करीन, त्याचे काही घेणार नाही. उरलेल्या दिवशी, सोमवार, बुधवार, शुक्रवार, ही खिडकी माझी. गॅस माझा. साफसफाई माझी. एका म्हाताऱ्याने विचारले की खाणार कोण, आम्ही तर एक वाजता घरी जेवायला जातो.

खाणारे कोण ते तिने रोज पायी हिंडताना पाहून ठेवले होते. क्लबसमोरच्या चौकात दुपारी तीस-चाळीस पोरे सायकली आणि मोटारसायकली टेकवून बसलेली असतात. पाठीवर चौकोनी पेट्या. दुसऱ्यांचे जेवण पोचवायचे काम. त्यातली निम्मी क्युबाची, बाकी व्हेनेझुएलाची. ती स्वतः दुपारी काय खातात? बेकरीतला मांसाचा तळलेला काप घातलेला पाव, साडेतीनशे पेसो. नाहीतर काहीच नाही.

निल्वियाच्या झग्याच्या दुमडीत पन्नास डॉलर शिवलेले होते. काही वाईट झाले तर हाताशी असावेत, म्हणून भावाने दिलेले. तिने टाका उसवला. गॅसची टाकी, तांदूळ, अंडी, रताळी आणि घेवडे आणले. काळे नव्हेत, इथलेच पांढरे. भात, घेवडे, अंडे, रताळ्याचा काप. एकशे ऐंशी पेसो.

पहिल्या सोमवारी तिने तीस ताटांचा स्वयंपाक केला. नऊ गेली.

भूक नव्हती असे नाही. पोरे आली होती. ओस्निएल नावाचा आमच्याच घरातला पोरगा सगळ्यांना घेऊन आला होता. पण रांगेत दोन मिनिटे उभे राहिले की फोन वाजे. ऑर्डर आली की चाळीस सेकंदांत घ्यायची, नाहीतर दुसऱ्याला जाते. पोरगा पळे. परत येई तेव्हा त्याची जागा गेलेली असे. पुन्हा शेवटी उभा राही, पुन्हा फोन वाजे. दोघांची जागेवरून जुंपली, एक क्युबाचा, एक व्हेनेझुएलाचा. आयांचा उद्धार झाला. दोन वाजता अंगण रिकामे होते आणि एकवीस ताटांचा भात थंड होत होता. तो तिने पातेल्याच्या फ्रीजमध्ये ठेवला. घरी आणला नाही.

त्या संध्याकाळी याइमाराने विचारले की किती झाले. निल्वियाने सांगितले की नऊ. नंतर याइमाराचे संस्थेतल्या बाईशी फोनवर बोलणे झाले ते मला ऐकू आले. पाळीला बूट कुठले लागतात, असे ती विचारत होती.

बुधवारी साडेअकराला निल्वियाने खिडकी उघडली. हात पुसून ती बाहेर अंगणात आली आणि एका खुर्चीवर चढली. ती ठेंगणी आहे. शाळेत चारशे पोरांपुढे बोलायची सवय होती, ती इथे उपयोगी पडली.

“ऐका रे. इथं कोणी उभं राहायचं नाही. आल्यावर विचारायचं, शेवटचं कोण. ज्याच्या मागं आहात त्याचं तोंड बघून ठेवायचं, त्याच्या पुढच्याचंही. आणि जायचं. ऑर्डर आली, घ्या. पोचवून या. तुमची जागा तुमचीच.”

क्युबाची पोरे हसायला लागली. हसण्यात थोडी लाजही होती. आम्ही इथे आल्यावर जे सगळ्यात आधी टाकून दिले ते हेच होते. एकाने विचारले की मावशी, रेशनचे पुस्तकही आणायचे का. व्हेनेझुएलाचा एक दाढीवाला म्हणाला की रांगेसाठी देश सोडला, आता इथे पुन्हा रांगच शिकायची का.

“रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून सांगतेय,” निल्विया म्हणाली. “उभं राहायचं असेल तर बेकरीत जा. साडेतीनशे.”

“आणि कोणी खोटं बोललं तर?”

“बोलून बघ.”

तेवढ्यात विल्मारने आपली खुर्ची खिडकीजवळ ओढली. थर्मास पायाशी ठेवला, माटेचा कप गुडघ्यावर. तो म्हणाला की मी इथेच बसणार आहे, मला कुठे जायचे नाही. गाडीत कोण कुठे चढला आणि कुठे उतरला ते चाळीस वर्षे डोक्यात ठेवले आहे. तीस टाळकी म्हणजे काय, अर्धा डबा.

ते जमले. पोरगा येई, ओरडून विचारी, कुठल्या तरी कोपऱ्यातून हात वर होई. फोन वाजला की तो जाई. वीस मिनिटांनी परत येऊन आपल्या माणसाला शोधी, आणि तो माणूस ताट घेत असेल तर पुढचा नंबर त्याचा. दाढीवाल्याने तिसऱ्याच ताटाला मध्ये घुसायचा प्रयत्न केला. विल्मारने डोळे न उघडता सांगितले की हिरव्या पेटीमागे पिवळे बूट, पिवळ्या बुटांमागे तुम्ही. दाढीवाला मागे गेला. शुक्रवारी तोच इतरांना समजावून देत होता, ही रीत आपल्या आजीनेच शोधून काढल्यासारखा.

बुधवारी सव्वीस ताटे गेली. शुक्रवारी अडतीस. शुक्रवारी निल्वियाने एक कुकर काळ्या घेवड्याचा लावला. कागदावर ‘विसर’ लिहिलेला तोच. परवडत नव्हता. तरी लावला आणि किंमत वाढवली नाही. शिटी झाली तेव्हा अंगणात जो तो बोलायचा थांबला. ओस्निएलने ताट घेतले, भिंतीकडे तोंड करून खाल्ले आणि बोट फिरवून ताट इतके साफ केले की माबेल म्हणाली, हे धुवायचे कशाला. विल्मारला निल्वियाने ताट दिले. तो खिसा चाचपू लागला तेव्हा तिने त्याला सांगितले की हा पगार आहे. त्याने टोपी काढून ताट घेतले. त्यानंतर तो मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या रांगेत दिसला नाही. टेबलामागे दिसला, डबे भरताना.

सोमवारी पंचेचाळीस गेली. समितीतल्या ज्या म्हाताऱ्याने खाणार कोण असे विचारले होते, त्याने घरी जेवायला जायचे बंद केले. त्यालाही विचारावे लागे, शेवटचं कोण. त्याच्या तोंडी ते फार हळू येई.

हे सगळे चालू असताना याइमारा क्लबवर एकदाही आली नव्हती. दिवसा तिचे काम असे. शिवाय निल्वियाने काय विचारायला लावले आहे ते ओस्निएलने तिला सांगितले होते. ती कपाळावर हात मारून म्हणाली होती की आईने साऱ्या शहरात हसे करून ठेवले.

तीस तारीख बुधवारी आली. सकाळी सातला, क्लबवर जायच्या आधी, निल्विया एचेवेरीच्या दारात उभी होती. मी पाव आणायला निघालो होतो, जिन्यात थांबलो. तिने चार हजार मोजून दिले. तो म्हणाला की पावती मुलीच्या नावाने करतो, खोली तिच्या नावावर आहे.

“खोली तिच्या नावावर राहू दे. पैसे माझे आहेत. निल्विया रोसाबाल पेनिया. रोसाबालमधला ब कुठला, बी की व्ही, ते सांगू का?”

एचेवेरीने चष्मा लावला आणि पुरे नाव लिहिले. तिने पावती वाचली, पुन्हा वाचली, चार घड्या घालून झग्याच्या खिशात ठेवली. मुलीला तिने काही सांगितले नाही. अजून अकरा हजार झाले नव्हते. चार दिल्यावर कॉफीच्या डब्यात साडेपाच हजारांच्या आसपास उरले होते. उरलेले दुपारी हेल्मेट घालून यायचे होते.

याइमारा दीडला आली. म्हातारीला दुपारी झोपवून, एक तासाची सुट्टी मागून, पांढऱ्या एप्रनवर कोट घालून. फोन हातात होता. अंगणात चाळीसेक पोरे विखुरली होती. कोणी जमिनीवर बसले होते, कोणी भिंतीवर. रांग कुठेच दिसत नव्हती. खिडकीत आई घामाने भिजलेली, हातात पळी. याइमारा सरळ खिडकीशी गेली.

“आई, एकच मिनिट. सहापर्यंत सांगायचंय त्यांना. मी हो म्हणून टाकते, पुढचं पुढं बघू.”

निल्वियाने वर पाहिले नाही. ती भात वाढत होती.

“मधे घुसता येत नाही इथं.”

“मी जेवायला आलेले नाही.”

“खिडकीशी जो येतो त्याला नंबर आहे. मुलगी असो नाहीतर समितीचा अध्यक्ष. विचार.”

अंगणातली डोकी वळली. याइमारा लाल झाली. तिला बहुधा ते औषधाचे दुकान आठवले असावे. ती वळून निघून जाईल असे मला वाटले. मी त्या दिवशी भिंतीशी होतो, माझा नंबर ओस्निएलच्या मागे. ती दोन पावले गेली, थांबली, आणि फाटकाकडे पाहत म्हणाली, कोणाला ऐकू येईल न येईल असे, “शेवटचं कोण?”

“मी, ताई,” भिंतीवरून एक हात वर झाला. निळे हेल्मेट. “माझ्या पुढं दाढीवाला. तुम्ही माझ्या मागं.”

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. कोणीतरी तिला बसायला पेटी दिली. ती बसली नाही. निल्वियाने पळी ठेवली, खिशातून काहीतरी काढून विल्मारच्या हातात दिले आणि पुन्हा भात वाढू लागली. विल्मार सावकाश चालत अंगणाच्या त्या टोकाला गेला. त्याने रेल्वेच्या तिकिटासारखी दोन बोटांत धरलेली ती घडी याइमारापुढे केली.

तिने ती उलगडली. आम्हाला तिचे तोंड दिसत होते, कागद दिसत नव्हता. पण जिन्यात मी होतो, त्यामुळे मला ठाऊक होते. खोली सात. मे महिना. चार हजार. आईचे पुरे नाव. तिने ते पुष्कळ वेळ वाचले. मग अंगणाकडे पाहिले, माणसे मोजल्यासारखे. एक, दोन, पाच, दहा. प्रत्येकजण काहीतरी खात होता किंवा खायची वाट पाहत होता. तिचे ओठ हलत होते. कुठल्या पैशात हिशेब करत होती कोण जाणे.

तिने फोन कानाला लावला. पलीकडच्या बाईला ती म्हणाली की नाही, संध्याकाळची पाळी मला जमणार नाही, संध्याकाळी माझा वर्ग असतो. तिने दोनदा आभार मानले. फोन कोटाच्या खिशात टाकला. पावती एप्रनच्या छातीवरच्या खिशात गेली, जिथे नर्स घड्याळ अडकवते तिथे.

फाटकातून एक नवा पोरगा सायकल ढकलत आत आला. पेटी कोरी, अजून स्टिकरही निघाले नव्हते. त्याला कोणीतरी सांगून पाठवले असणार. तो बिचकत उभा राहिला, आणि त्याने विचारले.

विल्मार तोंड उघडणार होता, पण थांबला. खिडकीत पळी हवेत राहिली.

याइमाराने हात वर केला.

“मी,” ती म्हणाली. तिचा आवाज आईसारखा मोठा आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले. “आणि माझ्या पुढं तो निळ्या हेल्मेटवाला. बघून ठेव.”